विहीणबाईंच्या कुंडीतले पाहुणे

बायकोने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अतिशय शांत आवाजात म्हणाली, "अहो, हे फूल चालतंय."

इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचे सगळे आवाज मला ओळखता येतात. ती ओरडली तर घाबरायचं कारण नसतं, ओरडण्यात वाटाघाटीला जागा असते. शांत आवाज आला की मात्र हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवावं. मी ठेवलं.

"वाऱ्याने हललं असेल," मी म्हणालो.

"खिडकी बंद आहे. आणि वाऱ्याने हललेलं फूल परत जागेवर येतं. हे पुढच्या पानावर गेलं."

ज्या झाडाबद्दल हे बोलणं चाललं होतं ते आमचं नव्हतं. आमचं असतं तर एवढा प्रसंग ओढवलाच नसता. आमची झाडं कुठलीही कटकट न करता, वेळेवर आणि शांतपणे मरतात. हा कलांचो होता आमच्या विहीणबाईंच्या घरचा. जाड, गुबगुबीत, चिमटा काढला तर रस निघेल अशी पानं आणि वर बारीक केशरी फुलांचे झुपके. विहीणबाई त्यांच्या थोरल्या लेकीकडे लांबच्या मुक्कामाला निघाल्या, सोबत त्यांच्या सासूबाईही निघाल्या, आणि जाताना ही कुंडी आमच्याकडे सोपवून गेल्या. कुंडीच्या खऱ्या मालकीणबाई म्हणजे या सासूबाई, आमच्या मुलीच्या आजेसासू. त्यांच्या घरात पहिला मान आजींचा, दुसरा कलांचोचा. बाकीच्यांचे क्रमांक त्यानंतर सुरू होतात आणि त्यात आमची मुलगी सर्वांत नवी.

तिने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. "बाबा, त्या कुंडीला काही झालं ना, तर मी या घरात तोंड दाखवू शकणार नाही. आजी रोज तिची चौकशी करतात. माझी करत नाहीत."

आता सगळ्यात वाईट भाग सांगतो. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी धरू लागलंय हे मला आधीच दिसलं होतं. मला ते आवडलंही होतं. केशरी फुलांसोबत आता पांढराही बहर येतोय, आमच्या घरची हवा झाडाला मानवली, अशी माझी समजूत झाली होती. मी तिन्ही बाजूंनी त्याचे फोटो काढले आणि 'आमच्याकडे येताच झाडाला दुसऱ्या रंगाचीही फुलं!' असं लिहून व्याह्यांच्या घरच्या ग्रुपवर पाठवून दिले. आजींनी उलट आशीर्वाद पाठवले. विहीणबाईंनी नुसता अंगठा पाठवला.

मी टेबलाच्या खणातून भिंग काढलं आणि त्या बहरावर धरलं. बहराला पाय होते.

एक नाही, दोन नाही, चांगले दोन्ही अंगांना रांगेने पाय. पिठाच्या डब्यात पडून उठावं तशी पांढरीफटक, चपटी, लंबगोल जनावरं पानाच्या कुशीत तोंड खुपसून रस ओढत बसली होती. त्यांतल्या एकाने भिंगातून माझ्याकडे पाहिलं असं मी शपथेवर सांगेन. भिंग माझ्या हातातून सुटून कुंडीत पडलं. मोठ्या आवाजात कोणीतरी "अगं आई गं" म्हणालं. तो आवाज माझाच होता असं बायकोचं म्हणणं आहे.

वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर राहतात. हाक मारायला मी जिना चढणार तोच ते उतरत आले. माझी किंकाळी त्यांना बातम्यांच्या आवाजावरूनही ऐकू गेली होती. त्यांनी कुंडीतून भिंग उचललं, बघितलं आणि आनंदाने मान डोलावली. दुसऱ्याच्या घरी आपत्ती आली की मास्तरांना आपली विद्या आठवते.

"पिठ्या ढेकूण," ते म्हणाले.

"पुन्हा म्हणू नका," बायको म्हणाली. "भिंती पातळ आहेत. नुसतं पिठ्या म्हणा."

उपाय सोपा होता. कान कोरायच्या कापसाच्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवायच्या आणि एकेक पिठ्या टिपायची. मी औषधांच्या दुकानात गेलो. तिथला दुकानदार कर्तव्यदक्ष माणूस. एवढं स्पिरिट कशाला, असं त्याने विचारलं.

"पुसायला."

"जखम कुठे आहे?"

"पानाला."

"कानाला?"

"पानाला! झाडाच्या पानाला. किडे झालेत."

"झाडाला किडे आणि तुम्ही स्पिरिट नेणार," त्याने मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे पाहत म्हटलं. त्या सगळ्यांनी माझ्याकडे अशा कनवाळू नजरेने पाहिलं, की निवृत्तीनंतर माणसाचं असं होतंच. एका बाईंनी तर मला हळूच विचारलं, घरी कोणी आहे का तुमच्या?

त्या दिवसापासून कलांचोला विलगीकरणात ठेवण्यात आलं. घरातल्या बाकी वस्तूंना लागण होऊ नये म्हणून जागा ठरली न्हाणीघराची, कारण उजेडाची खिडकी आणि बंद होणारं दार या दोन्ही गोष्टी तिथेच होत्या. आमच्याकडे न्हाणीघर एकच. मी अंघोळीला गेलो की स्टुलावरून कलांचो माझ्याकडे बघायचा, आणि त्याच्या अंगावरची मंडळीही. आत जाताना दारावर टकटक करायची सवय मला केव्हा लागली ते कळलंच नाही.

दिवसभर आम्ही पाळ्या लावून पिठ्या टिपत होतो. हे काम माणसाला नम्र करतं. तुम्ही एक टिपता, तिच्या मागून दोन निघतात आणि तुमच्याकडे पाहत पानाच्या उलट बाजूला जातात. टिपून टिपून माझी बोटं स्पिरिटने पांढरी पडली. बायकोची पाळी आली तेव्हा तिने पहिली काडी माझ्याच बोटावर टेकवली.

मग समोरच्या वहिनी आल्या. कोणाच्या घरी काय चाललंय हे न विचारता कळण्याची त्यांना देणगी आहे. "स्पिरिट काय करताय," त्या म्हणाल्या. "भांडी घासायच्या साबणाचा फेस करा आणि अंघोळ घाला त्याला. माझ्या जास्वंदीवर मी हेच केलं."

"मग जास्वंद बरी झाली?"

"ती गेली. पण किडे आधी गेले."

फेस जरा जास्त झाला. मी कबूल करतो की भांडी घासायचा साबण किती घ्यायचा याचा मला अनुभव नाही, आणि हे वाक्य बायकोसमोर बोलायला नको होतं. न्हाणीघरात कुंडी दिसेनाशी झाली. फेसाचा एक डोंगर उभा राहिला आणि त्याच्या शिखरावर, बुडत्या जहाजाच्या डोलकाठीवर चढावं तशी एक पिठ्या येऊन बसली. फेस ओसरला तेव्हा केशरी झुपक्यांचा चिखल झाला होता. पिठ्या स्वच्छ धुतल्यामुळे आणखी पांढऱ्या दिसत होत्या.

मास्तरांना हे कळलं तेव्हा ते दुखावले. "वहिनींचं ऐकलंत?" आणि आपला मान परत मिळवायला त्यांनी स्वतः कडुनिंबाचं तेल आणून, पाण्यात घुसळून, पानापानावर फवारलं. पानं अशी चकाकली की मी पुन्हा फोटो काढणार होतो. "आता याला ऊन द्या," मास्तर म्हणाले. आम्ही दिलं. भर दुपारचं, गॅलरीत, कडकडीत. संध्याकाळी कुंडीजवळ गेलो तेव्हा पापड तळल्याचा वास येत होता. पानांवर तपकिरी फोड आले होते. तेल लावून उन्हात बसवल्यावर काय होतं हे मास्तरांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण ते माणसांच्या बाबतीत माहीत होतं.

त्याच वेळी मुलीचा फोन आला. "बाबा, आजी फोटो मागताहेत."

झाडाची एक बाजू अजून बरी होती. एखाद्या वृद्ध नटाला त्याच्या चांगल्या अंगाने उभं करतात तसं मी कुंडीला फिरवलं, अंधूक उजेडात फोटो घेतला आणि पाठवला. आजींचं उत्तर आलं, कलांचो थोडा थकल्यासारखा दिसतोय, त्याला सांगा मी लवकर येतेय. बायकोने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

"आता माझी मुलगी तिथे नांदणार कशी?" ती म्हणाली. हा प्रश्न मला नव्हता. मी तिथे होतो एवढंच.

तेव्हा मी ठरवलं, आता शेजारी नकोत, सरकारच हवं. गावाच्या टोकाला झाडांच्या रोगराईचं एक कार्यालय आहे. मी कुंडी टोपलीत घालून, वर टॉवेल टाकून तिथे गेलो. पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी टॉवेल उचलून पाहिलं.

"फुलझाड की निवडुंगाचा प्रकार?"

"दोन्ही. पानं जाड असतात आणि फुलंही येतात."

"दोन्ही असं नसतं. फुलझाडं ही खिडकी. जाड पानं पलीकडची."

पलीकडच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी पान दाबून पाहिलं. "काटे कुठायत?"

"याला काटे नसतात."

"मग तिकडे."

पहिल्या बाईंनी मला परत येताना पाहिलं आणि त्यांना धक्काच बसला. "त्यांनी घेतलं नाही? मग फुलं दाखवा."

"फुलं गेली."

"काटे नाहीत, फुलं नाहीत," त्या म्हणाल्या, "मग तुम्ही नेमकं काय आणलंय?"

शेवटी आतल्या साहेबांनीच मला बोलावलं. माझ्या कुंडीतून एक पिठ्या निघून बाईंच्या मेजावर चालत होती म्हणून. साहेब धिप्पाड, मिशीवाले, आणि किड्यांवर मनापासून प्रेम करणारे. माणसं त्यांना बहुधा जाळीदार पंख नसल्यामुळे आवडत नसावीत. "फवारण्या कशाला करता?" ते गरजले. "निसर्गावर सोपवा!" त्यांनी फडताळातून एक भोकं पाडलेली डबी काढली. आत काळ्या अंगाचे, केशरी डोक्याचे, मिरीएवढे भुंगे होते. "हे मित्रकीटक. यांना पिठ्यांशिवाय दुसरं काही गोड लागत नाही. सोडून द्या, वर जाळी टाका आणि हात लावू नका. हे अंडी घालतील, त्यातून पिल्लं निघतील, ती तर यांच्याहून खादाड. आणि पिल्लांच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे..."

इथे त्यांचा फोन वाजला. पलीकडे त्यांचे वरिष्ठ असावेत, कारण साहेब उभे राहिले. उभ्या उभ्याच त्यांनी मला हाताने जा म्हणून सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाने उभं राहून निरोप दिला म्हणून मी खूश होऊन निघालो.

इमारतीच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. ते सहसा दारातच भेटतात.

"डबीत काय आहे?"

"काही नाही. भुंगे."

"जिवंत?"

"म्हणजे काय! मेलेले भुंगे आणून मी काय करू?"

"जिवंत असतील तर पाळीव प्राण्यांचा नियम लागतो. पट्टा हवा. पुढच्या लिफ्टने न्यायचे नाहीत, मागच्या लिफ्टने न्यायचे."

"मागची लिफ्ट बंद आहे."

"म्हणूनच तर पाळीव प्राणी कमी झालेत," सेक्रेटरी समाधानाने म्हणाले. "किती आहेत?"

"मोजले नाहीत."

"मग सगळे घरी परत आले का नाही हे तुम्हाला संध्याकाळी कळणार कसं?"

मी भुंग्यांना घेऊन जिन्याने वर गेलो. दर मजल्यावर दम खायला थांबताना डबी कानाला लावून बघत होतो. आतून कुरबुर ऐकू येत होती. बहुधा त्यांनाही लिफ्टच हवी होती.

पुढचे दिवस बरे गेले. कलांचोवर पडद्याची जाळी टाकली, भुंगे आत सोडले. ते डुलत डुलत पिठ्यांमध्ये शिरले आणि कामाला लागले. अंघोळ करता करता मी त्यांना शाबासकी देऊ लागलो. मास्तर दिवसातून एकदा पाहणी करायला यायचे आणि हा उपाय आपल्याला आधीच सुचला होता असं सांगून जायचे. मुलीचा फोन आला तर बायको "सगळं उत्तम आहे" म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा आवाज कापत नसे.

आणि मग एका सकाळी न्हाणीघरातून शांत आवाज आला. "अहो. इकडे या. टॉवेल नको, या."

मी गेलो. भुंगे दिसत नव्हते. पिठ्या होत्या. पण कसल्या पिठ्या! आधीच्यांच्या दुप्पट मोठ्या, लांब, अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या, आणि भराभर चालणाऱ्या. आधीच्या पिठ्या निदान एका जागी बसून खायच्या. या दांडीवरून धावत होत्या.

"यांनी भुंगे खाल्ले," बायको म्हणाली.

"आणि माजल्या," मी म्हणालो. मिरीएवढ्या भुंग्याला जे खातं, ते उद्या न्हाणीघरात उघड्याबंब उभ्या असलेल्या माणसाला सोडेल कशावरून?

मास्तरांना हाक गेली. ते हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून आले. समोरच्या वहिनी साबणासह आल्या. त्या सकाळी त्या चार भिंतींत जी लढाई झाली तिचं वर्णन मी करणार नाही, कारण स्पिरिटच्या वासाने शेवटी शेवटी आम्हा सगळ्यांनाच हसू येऊ लागलं होतं. पण एकही झिपरी सुटली नाही. बेचक्यात लपलेल्या काढल्या, जाळीवर चढलेल्या उतरवल्या, कुंडीच्या कडेखाली दडून बसलेली एक तर मास्तरांनी चिमट्याने धरून बाटलीतच बुडवली. आम्ही चौघं पायऱ्यांवर बसून चहा प्यायलो. मास्तर आणि वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमेकांशी बोलले.

मग मी साहेबांना फोन लावला. तक्रार करायला. तुमचे भुंगे कुचकामी निघाले, असं मी त्यांना चांगलं खडसावून सांगितलं.

"या नव्या पिठ्या दिसायला कशा होत्या?" साहेबांनी विचारलं.

"पांढऱ्या. झिपऱ्या. मोठ्या. आणि धावणाऱ्या."

"त्यांचं काय केलंत?"

"एकही जिवंत ठेवली नाही," मी म्हणालो. शेजारी मास्तर उभे होते, त्यांनी छाती फुगवली.

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, साहेब पुन्हा वरिष्ठांसाठी उभे राहिले.

"ती भुंग्यांची पिल्लं होती," साहेब म्हणाले. "ती दिसतातच पिठ्यांसारखी. तशी दिसतात म्हणून तर त्यांच्यात मिसळून त्यांना खातात."

"पण तुम्ही हे सांगितलं नाहीत!"

"सांगत होतो!" साहेब ओरडले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या घरातलं कोणी गेल्यासारखा ठेवला.

मास्तरांनी हातमोजे काढून खिशात घातले. मग "प्रयोगात असं होतं," एवढं म्हणून जिना चढून गेले. वहिनी साबण घेऊन गेल्या. न्हाणीघरात होरपळलेली पानं, चिकट दांड्या, आणि शिल्लक राहिलेल्या अस्सल पिठ्या तेवढ्या होत्या. त्यांना आता खाणारं कोणी नव्हतं.

तेव्हा बायको उठली. कोणाला काही न विचारता तिने कात्री घेतली, मोडकी, भाजलेली, लागण झालेली प्रत्येक दांडी कापली, पिशवीत घालून पिशवीचं तोंड आवळलं आणि खाली टाकून आली. मुळं पाण्याखाली धरून धुतली, माती बदलली, उरलेल्या खुंटाला स्पिरिटचा एक हात दिला आणि कुंडी आपल्या उशाजवळच्या खिडकीत ठेवली. खुंट बोटाएवढा होता. "आता याला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "कोणी म्हणजे तुम्ही."

रोज सकाळी चहाच्या आधी मी हात मागे बांधून तो खुंट बघून यायचो. फोन वाजला की आधी कोणाचा ते बायकोला बघायला लावायचो. दैव एवढंच की विहीणबाईंचा मुक्काम लांबला आणि पुन्हा लांबला. आणि खुंटाच्या कडेला एके दिवशी हिरवा ठिपका दिसला. मी बायकोला हाक मारली नाही, कारण मला तो ठिपका चालेल अशी भीती वाटत होती. पण तो जागचा हलला नाही. त्याची दोन पानं झाली, मग चार. बघता बघता खुंटाच्या चहूबाजूंनी गोल, घट्ट, तुकतुकीत पानांचा गेंद झाला आणि मध्यभागी हिरव्या कळ्यांनी डोकं वर काढलं. भिंगातून पाहिलं, एकही पाय दिसला नाही.

न्यायला सगळ्या आल्या. आजी, विहीणबाई आणि आमची मुलगी. मुलीचा चेहरा पांढरा पडला होता, कारण तिला आईने अखेर खरं सांगितलं होतं. आजी काठी टेकत खिडकीपाशी गेल्या, वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "इतका देखणा तो माझ्याकडेसुद्धा कधी नव्हता. किती जपलंत हो! मुलीच्या अंगी गुण आले ते इथलेच." आणि त्यांनी आमच्या मुलीच्या गालावरून हात फिरवला. बायकोने तोंड फिरवून डोळे टिपले. एवढ्यावर आजी थांबल्या नाहीत. "याच्या फांद्यांची रोपं करायची. घरातल्या प्रत्येक खिडकीत एक. आणि आता आम्ही कुठेही गेलो की हा इथेच राहायला येणार."

मी प्रसन्न मुद्रेने विहीणबाईंकडे वळलो. आता त्यांचीही चार कौतुकाची वाक्यं येतील म्हणून मी थोडा विनयशील चेहराही करून ठेवला होता. विहीणबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाचा रंग उडाला होता.

चहाच्या निमित्ताने त्या माझ्या मागून स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटलं.

"व्याहीबुवा, हे काय केलंत?"

"म्हणजे?"

"त्याच्यावर पिठ्या होत्या ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत?" त्या कळवळून म्हणाल्या. "लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्या कुंडीला वारा लागेल म्हणून मला घरातली तेवढी एक खिडकी उघडता आलेली नाही. एक पान पडलं तरी सासूबाई मला विचारतात. पहिल्यांदाच त्याला काहीतरी झालं. म्हटलं, आता लांब कुठेतरी आपोआप जाऊ दे, माझ्या हातून नको. सूनबाई एकदा हसत हसत म्हणाली होती, आमच्या बाबांच्या हातात प्लॅस्टिकचं झाडसुद्धा वाळतं. तेवढ्या एका शब्दावर तुमच्याकडे आणून ठेवलं मी. किती भरवसा टाकला होता तुमच्यावर!"

एखाद्याने माणसाला नालायक समजावं हे मी समजू शकतो. पण माझी निवड करून, खात्री बाळगून, मोठ्या आशेने मला नालायक समजलं जावं, आणि त्याही परीक्षेत मी नापास व्हावं, याला काय म्हणायचं? मी चहा गाळला. तो अर्धा ओट्यावर गेला.

निघताना आजींनी कुंडी विहीणबाईंच्या हातात दिली. जिन्यात मुलगी आजींना आधार देत पुढे गेली. विहीणबाई मागे रेंगाळल्या, कुंडी कडेवर घेतली आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"पुढच्या वेळी औषध नको, भुंगे नकोत," त्या म्हणाल्या. "नुसतं रोज तांब्याभर पाणी घालत जा. त्याला तेवढं एकच सोसत नाही."